तारेवरची धाकटी

दुसऱ्यांचे पाय हातात घेण्यात ताईला कधी किळस वाटली नव्हती. बसस्थानकामागच्या गल्लीत तिचं दोन खुर्च्यांचं पार्लर होतं. भेगाळलेल्या टाचा, कुरुपं, बुरशी लागून पिवळी पडलेली नखं, सगळं तिच्या मांडीवर यायचं. ती टबात कोमट पाणी ओतायची आणि घासता घासता बाईच्या सासूची चौकशी करायची. नवरा गेल्यावर हा धंदा तिने सुरू केला तेव्हा नात्यातल्या बायकांनी नाकं मुरडली होती. ताईने त्यांच्याही टाचा पुढे घासल्या.

म्हणूनच धाकट्या बहिणीबरोबर सहलीला आल्यावर पहिल्याच दिवशी दुपारच्या आत आपल्याला मळमळायला लागलंय, याचं तिला नवल वाटलं.

सहल धाकटीच्या नवऱ्याने काढली होती. तो एका गोदामाचा मॅनेजर. ऑफिसातली माणसं, त्यांची बायकामुलं, सगळ्यांना बसमध्ये कोंबून डोंगरात न्यायचं हा त्याचा दरवर्षीचा उद्योग. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, म्हणून सगळे त्याला कॅप्टन म्हणत. ताईला यायचं नव्हतं. पण धाकटी फोनवर म्हणाली होती, "तू असलीस की मला बरं वाटतं गं." ते तिने इतक्या हळू म्हटलं की ताईने मुकाट्याने पार्लरला कुलूप लावलं.

बसमध्ये सकाळीच कुणाच्या तरी मुलाला उलटी झाली. त्याच्या आईने त्यावर वर्तमानपत्र टाकलं आणि मागच्या सीटवरच्यांनी वेफर्सची पाकिटं फोडली. मांडीवर मोठा स्पीकर घेऊन बसलेल्या एका जाड्या गृहस्थाने आवाज वाढवला. एसी चालू म्हणून खिडक्या बंद. तो आंबट वास, वेफर्सचा तेलकट वास आणि त्या गृहस्थाच्या काखेतलं अत्तर, तिन्ही एकत्र होऊन ताईच्या घशाशी येऊन बसले.

डोंगराच्या कड्यावर कॅप्टनने शिट्टी मारून सगळ्यांना उतरवलं. समोर दरी अशी होती की बघत राहावं. बघत कुणीच नव्हतं. सगळे दरीकडे पाठ करून आपापल्या फोनकडे तोंडं वेंगाडत होते. ताईने कठड्यावर हात ठेवला तर तो चिकटला. कुणाचं तरी चघळून लावलेलं च्युइंगगम. ती रुमालाने तळवा खरवडत होती, तेवढ्यात पलीकडे पुरुषमंडळींची पैज लागली, दरीत कुणाची थुंकी लांब जाते याची. कॅप्टन पंच झाला. प्रत्येक थुंकीला एक शिट्टी. वारा उलटा फिरला तेव्हा थोडी माघारी आली आणि एकच हशा पिकला.

"किती लहान मुलासारखे आहेत ना?" धाकटी म्हणाली.

"लहान मुलांना वळण लावता येतं," ताई म्हणाली.

तळ्यावर बोटीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालणं भाग होतं. ताईच्या वाट्याला आलेलं कॉलरपाशी काळंकुट्ट झालेलं होतं आणि अजून ओलं. ते कुणाच्या घामाने ओलं होतं, हा विचार करायचा नाही असं ठरवून ती अख्खा वेळ तोच विचार करत राहिली. जेवताना एकाने कापडी नॅपकिनमध्ये शेंबूड शिंकरला आणि घडी घालून तो ताटाशेजारी ठेवला. कॅप्टनने स्वतःचा उष्टा चमचा सूपच्या भांड्यात घालून चव घेतली, "मीठ कमी," असं जाहीर केलं आणि चमचा पुन्हा भांड्यात सोडला. ताई कोरडा ब्रेड खाऊन उठली.

मग झिपलाइन आली. नदीच्या या काठावरून त्या काठापर्यंत जाड तार, कमरेला पट्टे आणि खाली खडकांवरून उसळणारं पाणी. धाकटीने सकाळी नाश्त्यालाच सांगितलं होतं की मी बसणार नाही. लहानपणी ती गच्चीच्या कडेलाही जायची नाही.

"पहिला मान आमच्या घरच्या वाघिणीचा!" कॅप्टन ओरडला.

"नको हो. मला खरंच भीती वाटते."

"भीतीबिती काही नसते. सगळे बघतायत."

खरोखर सगळे बघत होते. "वहिनी! वहिनी!" असा गजर सुरू झाला, टाळ्या पडायला लागल्या.

ताई पुढे झाली. "तिला नको असेल तर राहू द्या ना."

"ताई, तुम्ही नखं कापा, डोंगरातलं आम्ही बघतो," कॅप्टन म्हणाला. त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला.

पट्टे बांधणारा माणूस कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "मॅडमनी हो म्हटल्याशिवाय मी सोडत नाही."

धाकटीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "बांधा," ती म्हणाली. भीतीपेक्षा त्या टाळ्या तिला जड झाल्या होत्या, हे ताईला तिच्या मानेवरून कळलं.

माणसाने विचारलं, "सोडू?" तिचे ओठ हलले, पण उत्तर मागून कॅप्टनने दिलं. "सोडा!"

धाकटी वजनाला चिमणीएवढी. तारेवरून निम्म्यापर्यंत गेली आणि वेग मंदावून नदीच्या बरोबर वर थांबली. पलीकडचा माणूस दोर घेऊन तिला ओढायला निघाला. तोवर ती लटकत राहिली. आधी किंचाळली, मग तिचा आवाजच बंद झाला. फिकट रंगाच्या पँटवर काळसर ओल खाली पसरत गेली. ते काठावरून दिसत होतं. कॅप्टन फोन धरून उभा होता आणि दोन बोटांनी चित्र मोठं करत होता.

ताई धाकटीची पर्स आणि पिशवी उचलून नदीवरच्या झुलत्या पुलावरून धावत पलीकडे गेली. धाकटीचे पाय जमिनीला लागले. ताईने अंगावरचा स्वेटर काढून तिच्या कमरेला बांधला आणि तिला धरून शौचालयात नेलं. आत जमिनीवर चिखल, बादलीला शेवाळ, कोपऱ्यात नको ते. ताईने काही पाहिलं नाही. तिने बहिणीला लहान मुलासारखं धुतलं, पँट पिळून काढली, तिच्या पिशवीतली दुसरी घातली.

"काही नाही गं, झालं," ती म्हणत होती. "झालं बघ."

"कुणी बघितलं का?"

ताई काही बोलणार तोच धाकटीच्या पर्समधला फोन वाजला. सहलीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता.

परतून येतात तो सगळे एका फोनभोवती कोंडाळं करून उभे होते आणि कॅप्टन क्रिकेटच्या सामन्यासारखं वर्णन करत होता. "आणि इथे बघा, वाघिणीने धरण फोडलं!"

"तो काढून टाका," ताई म्हणाली.

"अहो ताई, मजा असते. तीसुद्धा हसेल. काय गं?"

आणि धाकटी हसली. ओल्या केसांनी, थरथरत्या हनुवटीने, नवऱ्याकडे बघत हसली. दिवसभर घशाशी बसलेलं सगळं त्या हसण्याने ताईच्या तोंडाशी आलं.

"मला तुमची किळस येते," ती कॅप्टनला म्हणाली. आवाज चढवला नाही. "यापुढे तुमच्या पंक्तीला बसून माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

स्पीकरवाल्या गृहस्थाने गाणं बंद केलं. एका बाईने फोन पर्समध्ये टाकला. कॅप्टन हसला आणि म्हणाला, "ताईंना ऊन लागलेलं दिसतंय." शिट्टी मारून त्याने सगळ्यांना बसकडे हाकललं.

ताईने बसमधून आपली बॅग उतरवून घेतली. "येतेस?" तिने बहिणीला विचारलं.

"तू कशाला तमाशा केलास?" धाकटी दबक्या आवाजात म्हणाली. "मला अजून दोन दिवस यांच्यातच काढायचेत." ती बसमध्ये चढली. ताई साध्या एसटीने एकटी घरी आली. वाटेत तिला बहिणीचा राग आला, आणि त्या रागाचीही किळस.

व्हिडिओ पुढे ग्रुपवरून काढून टाकला गेला. शरमेने नाही, वरच्या साहेबांच्या बायकोला तो आवडला नाही म्हणून. धाकटीचा बरेच दिवस फोन आला नाही. मग एकदा दोघं घरी आली. कॅप्टनने सोफ्यावर पाय पसरून चहा घेतला आणि हसत विचारलं, "विसरलात ना ताई ते सगळं?"

"नाही," ताई म्हणाली आणि धाकटीच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं. तो गेल्यावर तिने त्याचा कप घासला, पुन्हा घासला, आणि शेवटी केराच्या डब्यात टाकला.

पुढच्या वर्षी कॅप्टनची सहल निघाली त्या सकाळी धाकटीचा फोन आला. ती घरीच होती. पाय मुरगळलाय, असं तिने त्याला सांगितलं होतं.

"फार दुखतोय का गं?" ताईने विचारलं.

"कुठला पाय?" धाकटी म्हणाली. "चांगला आहे. ऐक ना, खोलीला नवे पडदे करायचेत. निळे बरे दिसतील की राखाडी?"

ताई फोन कानाला धरून खुर्चीत बसली. त्यांचं पडद्यांवर खूप वेळ बोलणं चाललं.