दादाच्या रायफलचा टेकू

मशीनवाल्या काकूंना कुठलीही वस्तू अडलेली बघवत नसे. शिलाई मशीन तर त्यांचा धंदाच होता, पण शेजाऱ्यांचं कुलूप, दवाखान्यातली करकरणारी खुर्ची, बिजागरीत अडकणारं कपाट, काहीही दिसलं की बारीक चोचीची तेलाची डबी घेऊन काकू त्याच्या मागे हात धुवून लागत. गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत त्यांनी चाळीस वर्षं मशिनी दुरुस्त केल्या. "अडलं की तेल" हे त्यांचं एकुलतं एक तत्त्वज्ञान. ते आयुष्यात एकदाच फसलं, आणि तेही नेमकं सख्ख्या भावाच्या कामात.

हा थोरला भाऊ पाट्या रंगवायचा. बाजारातल्या निम्म्या दुकानांवर त्याचीच अक्षरं होती, ठसठशीत आणि सुतासारखी सरळ. मग हात थरथरायला लागले आणि कुंचला सुटला. तेव्हापासून दादा चारचौघांत हात खिशातच ठेवायचा. कुणी चहाचा कप पुढे केला की "आत्ताच घेतला" म्हणून मोकळा व्हायचा. खोटं बोलायची कला त्याला अजिबात नव्हती, पण लोक भले होते, मान हलवून कप मागे घ्यायचे.

उरली होती ती रविवारची नेमबाजी. तिच्यात टेबलावर टेकू असतो, म्हणजे तीन पायांचं एक लोखंडी स्टँड. रायफल त्याच्यावर विसावते, मागे वाळूची पिशवी असते. सगळं वजन टेबल पेलतं. आपण स्टँडचे दोन स्क्रू फिरवून नळी वर-खाली, डावी-उजवी करायची आणि चाप ओढायचा. थरथरत्या हाताला जमेल असा खेळ, फक्त टेकू चांगला हवा. दादाचा होता स्वस्तातला. त्याचा स्क्रू आधी हलायचाच नाही, आणि जोर लावला की एकदम एवढा फिरायचा की नेम पार शेजाऱ्याच्या कागदावर. कागदावर पाच वर्तुळं, प्रत्येकात एक गोळी, वेळ दहा मिनिटं. मागच्या वर्षी दादाच्या नाकी नऊ आले आणि घंटा झाली तेव्हा दोन वर्तुळं कोरी होती. यंदा वार्षिक फेरीत एक जरी कोरं राहिलं तर दादाचं टेबल प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार, असं क्लबच्या सचिवांनी आधीच सांगितलं होतं. सचिव शब्दाचे पक्के.

हे दादाने बहिणीला सहज बोलता बोलता सांगितलं, खिडकीबाहेर बघत. काकूंना ते "सहज" बरोबर कळलं. दुसऱ्याच दिवशी टेकू त्यांच्या बाकावर होता.

आणि मग काकूंच्या अंगात जे काही संचारलं! आठवडाभर त्यांनी गिऱ्हाइकांकडे धड बघितलंसुद्धा नाही. स्क्रूचे आटे हाताला लागतील इतके खरबरीत होते. ते त्यांनी बारीक पॉलिशची पेस्ट लावून फिरवून फिरवून गुळगुळीत केले. वर-खालीच्या स्क्रूची, चिमटीत धड न येणारी इवलीशी प्लास्टिकची मूठ काढून टाकली आणि तिच्या जागी भंगारातल्या मशीनचं हातचाक बसवलं, कारण मोठं चाक बोटभर फिरवलं तरी स्क्रू केसभरच सरकतो. वर मुक्त हस्ताने तेल सोडलं. शेवटी चाकावर नुसती फुंकर मारली, तर ते फिरलं. काकू एकट्याच टाळ्या वाजवत होत्या.

शनिवारी सकाळी सरावाला त्या स्वतः गेल्या. दादाने एका बोटाने चाक फिरवलं, नेम लोण्यासारखा सरकला आणि त्याचा चेहरा असा उजळला की काकूंना भरून आलं. पहिली गोळी वर्तुळात. दुसरी जरा खाली. तिसरी आणखी खाली. पाचवी तर कागद सोडून मातीत. दादा टेबलापासून उठला. हळूच हात खिशात घातले आणि म्हणाला, "तुझा काही दोष नाही, छोटे. हातच गेलेत माझे."

टेकू उचलून काकू तडक खोलीवर आल्या. त्याच्यावर रायफलीऐवजी इस्त्री ठेवली, बाकावर मूठ आपटली आणि बघत बसल्या. चाक आपलं आपण फिरत होतं! एका आपटीला एवढंसं, दुसरीला एवढंसं. वजनाखाली, गोळीच्या हादऱ्याने टेकू खाली बसत होता. म्हणजे दादाचे हात निर्दोष होते, आणि गुन्हेगार होती काकूंची लाडकी डबी. हे कळल्यावर वाईट वाटायच्या ऐवजी त्यांना इतका आनंद झाला की त्या उभ्याच राहिल्या.

पण आता करायचं काय? तेल पुसलं तर पुन्हा अडणार. तेवढ्यात एक शिंपी मशीन उचलून आला. टाके सैल पडतात म्हणाला. "दोऱ्याचा ताण सैल असेल," काकू मान वर न करता म्हणाल्या, आणि तशाच थबकल्या. दोऱ्याच्या दोन चकत्या, त्यांना दाबणारी स्प्रिंग, वर छोटा नट. दोरा सरकतो छान, पण ओढल्याशिवाय हलत नाही. हेच तर हवं होतं! चाळीस वर्षं रोज दहादा जो नट पिळला, तो ऐन वेळी आठवला नव्हता. काकूंनी कपाळावर हात मारला. शिंप्याला वाटलं, मशीन कामातून गेलं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही स्क्रूंवर जाड लोकरी कापडाची चकती, स्प्रिंग आणि नट बसले. इस्त्री ठेवून काकूंनी बाकावर वीस वेळा मूठ आपटली. चाक जागचं हललं नाही. एका बोटाने ढकललं, तर अलगद फिरलं.

रविवारी काकू टेबलामागे बाकड्यावर बसल्या होत्या, कानांवर आवाज अडवणारे जाड गोळे, जीव मुठीत. आदल्या दिवसाचं दादाला सगळं सांगितलं होतं, पण त्याचा विश्वास बसल्यासारखं वाटत नव्हतं. पहिली गोळी वर्तुळात गेली. दादाने बोटाने चाक ढकललं. दुसरी गेली. तिसरी गेली तेव्हा त्याने क्षणभर टेकूकडे बघितलं. चौथी. पाचवी काठाला चाटून का होईना, पण आत.

सचिव दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिले. मग घड्याळ बघून म्हणाले, "पाचही भरली. अजून तीन मिनिटं आहेत तुमची. उठलात तरी चालेल."

"माझी आहेत ना? मग बसतो," दादा म्हणाला.

रायफल रिकामी करून त्याने बाजूला ठेवली आणि दोन्ही हात सगळ्यांसमोर टेबलावर पसरले. ते थरथरत होते, नेहमीसारखेच. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने थर्मासमधला चहा पुढे केला. दादाने कप घेतला. थोडा टेबलावर सांडला, बाकीचा तो घंटा होईपर्यंत पीत बसला.