बाँबविमानं आणि मामाची चूल

देशाचा बाजार खुला झाला त्या वर्षीची गोष्ट. वर्षाच्या सुरुवातीलाच, आखाती युद्धाच्या वेळी, आमच्याकडे रंगीत टीव्ही आला आणि तंजावूरच्या राजवाड्यामागची अर्धी गल्ली रोज संध्याकाळी आमच्या घरात. बातम्या इंग्रजीत, प्रश्न तमिळमध्ये आणि उत्तरं आमच्या मराठीत, तीही मामाची. आईचा हा भाऊ तरुणपणी ब्रह्मदेशच्या लढाईत होता, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे तो काय करत होता, हे फक्त आईला आणि मला.

"आधीं जड विमानं खंदक फोडतात," तो ऐटीत सांगायचा. "तंवर पायदळ मागं सरकून बसतं. मग पुढं जातं." गल्ली माना डोलवायची. मी कॉलेजातली शहाणी, हसू दाबत कॉफी वाटायची.

एके दिवशी शेजाऱ्यांचे व्याही पापनाशमहून आले. तेही त्याच लढाईत, गोऱ्यांच्या एका जड विमानात, बिनतारी यंत्रावर होते म्हणे. मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझं डोस्कं दुखतंय म्हणून सांग," तो मला म्हणाला.

"अय्यो मामा, सगळे येऊन बसलेत!" मी त्याला ओढतच बाहेर आणलं आणि मग मलाच भीती वाटली. लोक हसले असते तर मामा पुन्हा कधी चारचौघांत बसला नसता. तो माझा फार लाडका होता.

टीव्हीवर विमानं दिसली. व्याह्यांनी आदराने विचारलं, "तुम्ही कुठल्या पलटणींत होतां?"

मामाने हातातली कॉफी खाली ठेवली. मग एकदम म्हणाला, "मी सैपाकी होतों. बंदूक धरलीच नाहीं. आपलींच विमानं येणार म्हणून चुली विझवा असा हुकूम झाला. धूर दिसला तर शत्रू समजून आमच्यावरच बाँब टाकतील. माझी डाळ शिजायची होती. वाटलं, अजून थोडा वेळ. विमानांचा आवाज आला, तसं जमादारानं अस्की, सगळीच्या सगळी डाळ चुलींत ओतली!"

गल्ली खो खो हसली.

व्याही मात्र हसले नाहीत. ते उठून मामाजवळ आले. "वरून आम्हांस झाडंच दिसत. धूर दिसला कीं टाकायचं. तो आपल्याच माणसांचा होता कीं काय, हें अजून मनांत येतं. आजवर कुणास विचारतां आलं नाहीं."

मामाने त्यांचा हात धरला.

"आमच्यांतले त्या दिवशीं अस्के जगले," तो म्हणाला. "उपाशी, पण जगले."