पहिल्या वेच्याचं बर्फ

आमचे धाकटे दीर, म्हणजे माझे भाऊजी, कापसाची गंजी दिसली की तिच्यात काठी खुपसल्याशिवाय पुढे जात नसत. नाचणगावात दिवाळीनंतर आमचं अर्धं घर कापसाने भरलेलं असे. भाऊजी फौजेतून रजेवर आले की आधी काठी, मग चहा. सासूबाई म्हणायच्या, "कापूस हाये तो, साप नाई."

काश्मीरची लढाई थांबून तीन-चार वर्षं झाली होती. तिथल्या डोंगरात भाऊजींचं कामच ते होतं. पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत सगळ्यांच्या पुढे जायचं, काठी खुपसून थर बघायचे, उतार टिकेल की सुटेल ते सांगायचं. त्यांनी हात केला की मगच मागची तुकडी निघे.

"पहिल्या वेच्याच्या बर्फाचा भरवसा नाई, वहिनी," ते सांगत. पहिल्या वेचणीच्या दमट कापसावर वाळलेला टाकला की गंजी घसरते, तसंच ते. हिवाळ्याच्या तोंडी पडलेलं बर्फ तळाशी रव्यासारखं मोकळं होतं आणि वरचा नवा थर त्याला धरत नाही. "मंग पाय पडला का आतून धप्प बोलते. बोललं का मांगं फिराचं. वाऱ्यात कानाले ऐकू येत नाई, पन तळव्याले कळते."

शेवटच्या रजेत माझ्या हातून उकळता चहा त्यांच्या पायावर सांडला. किंचाळले मीच. भाऊजी बशी फुंकत राहिले. "ते पाय आता सरकारचे हायेत, वहिनी. मले त्यातलं काई समजत नाई." थंडीने त्यांचे दोन्ही तळवे बधिर झाले होते.

"मंग काऊन जाता? डाक्टरले दाखवा."

"दाखवले तं घरी पाठवतीन. समोर कोन जाईन? पोट्टे नवीन हायेत."

मी त्याच संध्याकाळी सासूबाईंना सांगून टाकलं. त्या रडल्या, भांडल्या, जेवल्या नाहीत. रजा संपली तशी भाऊजी पुलगावहून गाडीत बसले.

हिवाळा लागता लागता त्यांचा साताऱ्याकडचा एक सोबती त्यांची ट्रंक घेऊन आला. "वारं लई होतं," तो म्हणाला. "आमाला मागं थांबवून ते एकलेच पुढं गेले. बर्फ बोललं, ते आमच्या पायांस्नी कळलं. आमी वरडलो. ते आपले जातच राहिले. मग समदा उतार खाली आला."

सासूबाईंनी हंबरडा फोडला. मला रडू येईना. काहीच वाटेना. मी कापसाच्या खोलीत गेले, कोपऱ्यातली काठी उचलली आणि गंजीत खुपसली. वरचा थर सुटला आणि धप्पकन माझ्या कमरेपर्यंत आला. अशा वेळी मागे फिरायचं असतं, हे मला ठाऊक होतं. पाय हललेच नाहीत.