वायव्य चीनसाठी विणलेला स्वेटर

चीनला जाणाऱ्याने आधी कोणता चीन पाहायचा ते ठरवावे, असे मी दरवर्षी नववीच्या वर्गात सांगत असे. पूर्वेला नद्यांची सुपीक मैदाने आहेत. दक्षिणेला उष्ण, दमट, भाताचा प्रदेश. तिथली केळी मुक्ताईनगरच्या माणसाला परकी वाटणार नाहीत. नैर्ऋत्येला तिबेटचे पठार आणि वायव्येला वाळवंट. तेथे उन्हाळ्यात दिवसा भुसावळचा मे असतो आणि हिवाळ्यात श्वास गोठतो. बौद्ध यात्रेकरू याच वाळवंटातून भारताकडे चालत आले. बुद्धवंदना ऐकत वाढलेल्या मला चीनचा तेवढाच भाग पाहायचा होता.

नव्वदच्या दशकात आमच्या धुळ्याच्या शाळेला शिक्षकांच्या चीन दौऱ्यात एक जागा मिळाली. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे नाना म्हणत. कोरा नकाशा जो अचूक भरेल तो जाईल, असे त्यांनी जाहीर केले. मी पासपोर्ट काढला आणि मधल्या सुट्ट्यांत राखाडी लोकरीचा स्वेटर विणून पुरा केला. दुसरा उमेदवार एकच होता: नानांचा भाचा, आमचा व्यायामशिक्षक. त्याने तिबेट समुद्रकिनाऱ्यावर दाखवले.

नानांनी शिक्षकांच्या खोलीत दोन्ही नकाशे शेजारी ठेवले.

“बाई, तुमले तर बठ्ठं तोंडपाठ शे. मंग जाईसन काय करशात?” मग भाच्याकडे बोट करून म्हणाले, “याले कायच येस नही. यालेच धाडनं पडी.”

खोली हसली. “बाई, एखादी चूक करून ठेवायची ना!” गणिताचे सर म्हणाले.

“आनि तो स्वेटर द्या त्याले. धुयामा तुमले काय काम त्यानं?” नाना म्हणाले.

मी घडी करून दिला.

दौऱ्यात वायव्येचा आणि दक्षिणेचा असे दोन मार्ग होते. बाजार मोठे म्हणून भाच्याने दक्षिण निवडली. परतल्यावर स्वेटर मला मिळाला तो माझ्याच घडीत.

शाळेत त्याचे व्याख्यान झाले. छडी घेऊन नकाशापाशी उभे राहण्याचे काम माझ्याकडे होते. एका मुलीने वाळवंटाबद्दल विचारले.

“वाळवंट? मी आख्खा चीन फिरलो, कुठंच दिसलं नाही. सगळं हिरवंगार!”

मी छडी वायव्येवर टेकवली. “पण येथे...”

“बाई,” नाना पहिल्या रांगेतून म्हणाले, “जो चीनले जाई उना, त्याले बोलू द्या.”

सहामाहीत निम्म्या वर्गाने लिहिले की चीनमध्ये वाळवंट नाही. मी गुण कापले. तीच मुलगी उत्तरपत्रिका घेऊन टेबलापाशी आली.

“बाई, सरांनी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही कुठे गेला होता?”

तिच्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. प्रत्यक्ष निरीक्षण हा भूगोलाचा पाया आहे, हे मीच तिला शिकवले होते. मधल्या सुट्टीत नानांचा निरोप आला आणि मी लाल शाईने त्या सगळ्यांच्या उत्तरावर बरोबरची खूण केली.