डायनिंग टेबलाची अट

विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर कुणीही वैमानिक असतो. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि साठीचा शहाणा माणूस रिमोटची काठी नेमकी चुकीच्या बाजूला दाबतो. माझी दोन विमानं मानपाड्यापलीकडच्या माळावर अशीच गेली. विमान उडवायला शिकवणारे आमचे शिक्षक तिथल्याच एका कारखान्यात फिटर, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. दर वेळी ते शांतपणे सांगायचे की येणाऱ्या विमानाचा जो पंख झुकलेला दिसेल, त्याच बाजूला काठी न्यायची. डुगडुगणाऱ्या टेबलाला कागदाची घडी लावतो तसा पंखाला टेकू द्यायचा. मी मान डोलवायचो. मान डोलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

तिसरं विमान मी आठ महिने आमच्या डायनिंग टेबलावर बांधलं. पॉलिशपेपर घासताना ‘झुकलाय तिकडे, टेकू द्या’ असा जप चालायचा. तेवढे महिने आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. शेवटी बायकोने अट घातली, हेही पडलं तर छंद बंद आणि टेबल परत. मी हसत कबूल केलं.

कसरती करताना वैमानिकाने विमानावरून नजर काढायची नसते, म्हणून पुढची कसरत कुठली हे मागे उभं राहून कुणीतरी वाचून दाखवतं. तिसरं विमान उडवायचं त्या रविवारी वाचणारा आलाच नाही. बायको डबा घेऊन आलेली, शिक्षकांनी कागद तिच्याच हातात दिला. तीस वर्षं मला सूचना देणाऱ्या बाईला हे काम काही नवीन नव्हतं.

पहिला लूप गोल झाला, म्हणजे बटाटा असतो तितपत. मग सरळ रेघ, मग वळण, आणि विमान आमच्याकडे तोंड करून आलं. वाऱ्याने एक पंख खाली गेला. माझे अंगठे जागच्या जागी थिजले. शिक्षक लांब कुणाची तरी बॅटरी बघत होते. बायकोने फक्त गप्प राहायचं, की विमान पडून टेबल तिचं होणार होतं.

"अहो, झुकलाय तिकडे. टेकू द्या."

अंगठा आपोआप गेला. पंख उचलला, विमान डोक्यावरून सुर्रकन निघून गेलं. एवढं प्रेम मला तिच्याबद्दल लग्नातही वाटलं नव्हतं. मी कसाबसा म्हणालो, "अगं, तुझं टेबल गेलं की."

"समोर बघा," ती म्हणाली आणि कागदावरची पुढची ओळ वाचली, "आता उलटं उडवायचंय."