सोमवारीच निघालेली बॅग

“दोनले निंघनं, आठले पोचनं. सहाच तास शेत ना ताई! तिकीट एक दिवस पुढे ढकला. बुधवारी अमावस्या शे, हिले मी घरबाहेर काढाव नही.” प्रकाशा गावच्या अप्पांनी तिकीट माझ्या टेबलावर आपटलं.

मी नंदुरबारात विमानाची तिकिटं काढून देते. ‘ही’ म्हणजे अप्पांची बायको, आमच्या आक्का. मुंबई ते न्यूयॉर्क, पहिल्यांदाच विमानात आणि तेही एकट्या. शुक्रवारी सकाळी दहाला तिथे लेकीचं सिझर. आई आल्याशिवाय मी आत जाणार नाही, म्हणून लेक रोज फोनवर रडत होती.

मी समजावलं. तिकिटावर ज्या त्या गावच्या घड्याळाची वेळ असते. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. अंतर साडेबारा हजार किलोमीटर, विमानात साडेपंधरा तास. गुरुवारी पहाटेचं विमान सोडलं तर पुढचं तिथे शुक्रवारी आठला उतरणार. मग पासपोर्ट तपासणी, सामान, टॅक्सी. दहा एअरपोर्टवरच वाजणार. म्हणजे बुधवारी घर सोडायलाच हवं.

“मंग काय करानं?” अप्पांचा चेहरा पडला.

“प्रस्थान ठेवा,” मी म्हणाले, आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. निघायचा दिवस चांगला नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू दुसऱ्याकडे नेऊन ठेवतात. प्रवास त्याच दिवशी सुरू झाला, असं धरायचं.

सोमवारी आक्का एक छोटी कुलूपबंद बॅग, वर सुपारी, माझ्या ऑफिसात ठेवून गेल्या. बुधवारी दहाला जाता जाता उचलायचं ठरलं.

बुधवारी अकरा वाजले तरी पत्ता नाही. मी फोन लावला.

“धुळाले पोचनूत ना ताई! ड्रायव्हर म्हने, नंदुरबार सोडीसन सरळ जावाना रस्ता बेस शे.”

“अप्पा, पासपोर्ट?”

“हिनी बॅगमा ठेया. महत्त्वाचं आधी निंघाले जोयजे ना!”

“आणि बॅग कुठाय?”

“ती ते सोमवारेच निंघी गई!”

अरे देवा! कपाळावर हात मारून घेतला. ऑफिसला कुलूप ठोकलं, बॅग शेजारच्या सीटवर टाकली आणि गाडी काढली. दोन तास अप्पांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. धुळ्याच्या बायपासवर आक्का उन्हात उभ्या होत्या. त्यांनी बॅग छातीशी धरली आणि ढसाढसा रडल्या. माझेही डोळे भरून आले. अप्पांना मात्र मी सोडलं नाही.

विमान मिळालं. शुक्रवारी रात्री अप्पांचा फोन आला.

“नात व्हयनी ताई! आई बाजूलेच व्हती. दखं का, प्रस्थान ठेवं म्हनीसन सगळं बेस व्हयनं!”

मी पेढे मागितले.

अजूनही लोक विचारतात, न्यूयॉर्क किती लांब? मी किलोमीटर सांगते, तासही सांगते. पण कुणी प्रस्थान घेऊन आलं, की त्यांच्यासमोरच बॅग उघडायला लावते आणि पासपोर्ट काढून त्यांच्या हातात देते. सुपारी खुशाल पुढे निघू दे.