नातोला मेसेज पोचला होता म्हणे

नवऱ्याला, नातोला, पुरून आठवडा होत नाही तोच रोसेंडाला तालुक्याच्या आपत्ती कार्यालयातून कळवण्यात आलं की नातोला मेसेज वेळेवर पोचला होता. ‘चेतावणी पोचली. संबंधित व्यक्तीने दुर्लक्ष केले.’ एवढंच. माणूस वाहून गेला तो गेला, वर त्यालाच बेपर्वा ठरवून हे हात झटकून मोकळे.

आमच्या गावाखाली नदी वळण घेते. पावसाळा सरला की तिथे वाळूची लांबलचक पट्टी उघडी पडते आणि गाव तिच्यात भुईमूग लावतं. वर डोंगरात धरण आहे. दरवाजे उघडायचे झाले की कार्यालय सगळ्यांच्या फोनवर मेसेज टाकतं, पाणी सोडतोय, नदीतून बाहेर या. ऐकायला झकास वाटतं. पण आमच्याकडे रेंज मिळते ती फक्त टेकाडावर, चर्चच्या मागच्या सान्तोलच्या झाडापाशी. म्हणून सकाळी कामावर जाताना जो तो आपला फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या झाडाला टांगतो आणि संध्याकाळी परतताना काढून घेतो. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्या दिवशी मेसेज आला तेव्हा झाडावरचे सगळे फोन वाजले आणि झाडाखाली चिटपाखरू नव्हतं. गाव डोंगरापलीकडच्या भातात होतं. वाळूत नातो एकटा. पाण्याचा आवाज आला तेव्हा त्याने आधी रेड्याचा दोर सोडला. रेडा पोहून काठाला लागला. नातो लागला नाही.

रोसेंडा कार्यालयात गेली. तिथल्या इंजिनिअर देल्फिनने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. नातोच्या नावापुढे हिरवी खूण होती. हिरवी खूण म्हणजे पोचला, असं तो लहान पोराला समजवावं तसं म्हणाला.

“कुणाला पोचला?” रोसेंडाने विचारलं.

“फोनला.”

“मग वाळूत शेंगा काय फोन लावत होता?”

देल्फिन हसला नाही. आमचं काम पोचवण्याचं, वाचणं ज्याचं त्याचं, असं म्हणून त्याने पडदा परत वळवून घेतला. तिने झाडाचं सांगितलं तर म्हणाला, तुमच्या कापितानने तर घरोघरी रेंज आहे असं लिहून दिलंय. कापितान म्हणजे आमचा गावप्रमुख, रेमिहिओ. ‘सज्ज गाव’ म्हणून पाटी मिळणार होती, तेव्हा या गृहस्थाने घरोघरी रेंज आहे म्हणून बेधडक लिहून दिलं होतं. ती पाटी अजून त्याच्या अंगणात मिरवतेय. रोसेंडा त्याच्या दारात जाऊन उभी राहिली, म्हणाली, आता तरी खरं सांगा. तर हा म्हणतो, मानांग सेन्दा, गेलेला माणूस परत येणार आहे का? उगाच गावाची अब्रू कशाला घालवायची? सेन्दा म्हणजे रोसेंडाच, आणि मानांग म्हणजे थोरली बहीण. तोंडाने बहीण म्हणायचं आणि वागायचं असं.

हे सगळं तिने गिळलं असतं. पण घरात सासू होती. नातोची आई, अपो एन्का. थोरामोठ्यांना आमच्याकडे मानाने अपो म्हणतात. तिचा कार्यालयाच्या कागदावर जो विश्वास बसला तो बसलाच. सरकारचा शिक्का असलेला माणूस खोटं कशाला बोलेल, असं ती म्हणायची. माझ्या पोराला कळलं होतं, तरी तो त्या रेड्यापायी थांबला. आणि रेडा कुणी आणला होता? रोसेंडाच्या बापाने, लग्नात. झालं. तेव्हापासून म्हातारी सुनेशी कामापुरतं बोलायची, आणि रेड्याकडे तर बघायचीसुद्धा नाही. रोसेंडा भाताचं ताट पुढे सरकवायची, म्हातारी मान दुसरीकडे वळवून जेवायची. स्वतःच्या पोटच्या पोराला मूर्ख समजत ती म्हातारी मरणार, याचा रोसेंडाला संताप यायचा आणि रडूही यायचं.

शेंगा काढणीला आल्या आणि कार्यालयाचं पत्र आलं. मेसेज खरोखर पोचतात की नाही याची तपासणी करायला इंजिनिअर देल्फिन जातीने येणार. रोसेंडाला वाटलं, चला, उशिरा का होईना, कुणाला तरी शरम वाटली. पण कापितानने काय करावं? त्याने दवंडी पिटली की तपासणीच्या दिवशी कुणी कामाला जायचं नाही. सगळ्यांनी अंघोळ करून, फोन हातात घेऊन झाडाखाली हजर राहायचं. पाहुण्यासाठी डुकराचं मांस घालून शेवया होणार, नारळाच्या दुधातला गोड भात होणार, खुर्च्या मांडल्या जाणार. आणि आमचे लोक असे की कबूल झाले! पाहुण्यापुढे गावाची फजिती नको, एवढी एकच गोष्ट आम्हाला कळते. रोसेंडा घरोघर गेली. अरे, झाडाखाली उभं राहून मेसेज घ्यायचा तर तपासायचं काय? लोक माना खाली घालायचे. खरं आहे तुझं, म्हणायचे, पण एवढे लांबून साहेब येणार. तिच्या अंगाची नुसती लाहीलाही झाली.

त्या सकाळी अपो एन्का ठेवणीतला झगा घालून तयार झाली. रोसेंडाने फावडं घेतलं आणि सांगितलं, मी वाळूत शेंगा काढायला चाललेय. आज सगळं गाव वर असताना, असं म्हातारीने विचारलं. हो, म्हणाली, आजच. जाताना तिने आपला फोन रोजच्यासारखा झाडाला टांगला आणि खाली उतरली.

वाळूत ती एकटीच. शेंगा उपटत होती आणि टेकाडाकडे बघत होती. माणसं जमलेली दिसली, रंगीत छत्र्या दिसल्या. बऱ्याच वेळाने टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. म्हणजे मेसेज आला असावा, की नुसतं भाषण संपलं असावं? कळायला मार्गच नव्हता. नातोलाही नव्हता. तिने मनाशी ठरवलं होतं, कुणी सांगायला आल्याशिवाय हलायचं नाही. मेसेजात लिहिलेलं असणार, ताबडतोब बाहेर या. एवढी माणसं तो मेसेज वाचणार. एकालाही वाटू नये, खाली सेन्दा आहे? ऊन डोक्यावर आलं. शेवयांचा वास खालपर्यंत आला. मेले जेवायला बसले होते. तिने फावडं वाळूत असं मारलं की दांडाच निखळला.

मग पायवाटेवर काहीतरी हललं. काठी टेकत, ठेवणीतला झगा एका हाताने गुडघ्यापर्यंत उचलून अपो एन्का उतरत होती. पोरगा गेल्यापासून ती नदीकडे फिरकली नव्हती. मागून कापितान तिला थांबवत होता, त्याच्या मागे देल्फिन नवे कोरे बूट सांभाळत, हातात टॅब धरून. म्हातारीने कुणाकडे वळून पाहिलं नाही. वाळूत आली, सुनेसमोर उभी राहिली. धाप लागली होती.

“मेसेज आलाय,” ती म्हणाली. “पाणी सोडलंय. वर चल.”

“कधी आला, अपो?”

“मघाशीच. जेवणाआधी.” म्हातारी तिच्या दंडाला धरून उभी राहिली. “या साहेबाने तुझी पिशवी हातात घेतली, तुझं नाव वाचलं आणि म्हणाला, रोसेंडाला पोचला. मी म्हटलं, अहो, ती खाली वाळूत आहे, तिला काय माहीत? तर म्हणाला, चालतंय, खूण हिरवी आहे. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.”

म्हातारीने तिचा दंड आणखी घट्ट धरला.

“त्याला कुणी सांगायला आलंच नव्हतं, होय ना गं?”

“नव्हतं,” रोसेंडा म्हणाली, आणि इतके महिने कोंडलेलं रडू तिला तिथे फुटलं.

देल्फिन घाम पुसत जवळ आला. ही तर फक्त चाचणी होती, अपो, असं काहीसं समजुतीच्या सुरात बोलू लागला. अपो एन्काने त्याची बाही पकडली. त्याच्या वयाचा तिचा मुलगा होता.

“माझ्या पोराने दुर्लक्ष केलं असं तू लिहिलंस. खोड ते.”

देल्फिनने कापितानकडे पाहिलं. कापितान नदीकडे बघत होता. शेवटी देल्फिनने टॅब उघडला, बोट फिरवलं, परत फिरवलं, आणि ओशाळून म्हणाला की इथे काहीच उघडत नाहीये, रेंज नाही.

“मग वर चल,” म्हातारी म्हणाली. “माझ्यासमोर खोड.”

चढ मोठा होता आणि ती पावलापावलाला थांबत होती, पण टेकाडावर पोचेपर्यंत तिने त्याची बाही सोडली नाही.